चोर ओळखणारं पातेलं

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गणिताच्या तासाला ज्यांना ओढून आणावं लागतं, ते सगळे चमत्काराला वेळेआधी हजर होते. शाळेचा चांदीचा कप हरवला होता आणि तो शोधायला मोठ्या बाईंनी एका चमत्कारी बाबांना बोलावलं होतं. आधी कपाटं बघू, असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे, पण कपाटांत फार धूळ होती.

टेबलावर पिवळ्या पाण्याचं पातेलं. बाबा डोळे मिटून म्हणाले, "माणूस बोलतो, म्हणून खोटं बोलतो. पाणी बोलतच नाही, म्हणून ते खरं."

विज्ञानाच्या सरांनी मान डोलावली.

एकेक जण हात बुडवी. बाबाही बोटं बुडवून त्याचे तळवे उलटेपालटे करत आणि म्हणत, "पिवळा. निर्मळ." शेवटी सफाईवाल्या मावशींना हाक गेली. "आहे तशी ये," बाबांनी बजावलं, "हात धुतलेस तर पाप लपेल." मावशी फरशी पुसता पुसता उठून आल्या. हात बुडवले, बाहेर काढले, तर लालभडक.

पुढच्या रांगेतल्या पालकांनी हात जोडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"अहो बाई, मी त्या कपाला फडकंसुद्धा लावलं नाही."

"ते दिसतच होतं."

मागच्या बाकावर शाळेची गुप्तहेर संस्था बसली होती: सातवीतल्या ढापणी आणि शिट्टी. संस्थेनं आजवर एकच प्रकरण सोडवलं होतं, शिट्टीच्या चोरीला गेलेल्या डब्याचं. तो ढापणीनंच खाल्ला होता. पण आज ढापणीला हसू येत नव्हतं. मावशी तिची आई होती.

"आई चोर नाही," ती पुटपुटली.

"ते मला माहितीये. पुरावा काय?"

ढापणी आईच्या बादलीतल्या फेसाकडे बघत राहिली. "परवा तुझ्या शर्टावर भाजी सांडली होती ना? साबण लावल्यावर काय झालं?"

"डाग लाल झाला. आई म्हणाली, हळदीचा आहे, उन्हात टाक, जाईल." शिट्टी थांबली. "अगं बाई."

दोघी टॉवेल घेऊन बादलीपाशी गेल्या.

इकडे बाबांसाठी हार आला. "बाबा, आधी हात पुसा ना, फुलांना डाग लागतील," शिट्टी म्हणाली, इतकं गोड की तिच्या वर्गशिक्षिकांना तिथंच संशय यायला हवा होता. बाबांनी ऐटीत पिवळे हात ओल्या टॉवेलला पुसले. हात लाल झाले.

"बाबा," ढापणीनं विचारलं, "कप कुठं ठेवलात?"

बाबांचं तोंड आता पाण्यासारखं झालं, बोलेचना. खेळाच्या सरांनी टॉवेल घेतला. लाल. विज्ञानाच्या सरांनी घेतला. लाल. मोठ्या बाईंनी हात पाठीमागे लपवले, म्हणजे त्यांचंही पुसून झालं होतं. एवढे चोर एका शाळेत, आणि कप एकच.

"पाण्यात हळद आहे," ढापणी म्हणाली. "साबण लागला की ती लाल होते. आई साबणाच्या पाण्यानं फरशी पुसत होती. तुम्ही कुणीच पुसली नव्हती, म्हणून तुम्ही निर्मळ."

हा चमत्कार घरोघरी धुण्याच्या बादलीत घडतो. तिथं कुणी हार आणत नाही.

तेवढ्यात शिट्टीनं त्या धुळीच्या कपाटातली नाटकाची पेटी उघडली. राजाच्या खोट्या दाढीखाली कप होता. नाटकात राजाला दूध प्यायला तो मोठ्या बाईंनीच दिला होता.

"मग उद्या येऊ ना?" मावशींनी विचारलं.

"या," मोठ्या बाई म्हणाल्या. मावशींना अहोजाहो त्यांनी पहिल्यांदाच केलं.

तेव्हा वस्तू हरवली तर आधी कपाट उघडा, धूळ असली तरी. पाणी रंग बदलायला लागलं तर त्यात काय घातलंय ते विचारा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी त्याचे हात मघाशी काय काम करत होते, तेवढं बघा.

बाबा मागच्या दारानं सटकले, पण धांदलीत पातेलं लवंडलं. पिवळं पाणी साबणाच्या फरशीवर पसरलं आणि बघता बघता लाल झालं. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. विज्ञानाच्या सरांनी मुकाट्यानं फडकं उचललं.