चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ

जंतू वाढवायच्या काचेच्या तबकड्या बघून बघून ताई निर्ढावली होती. कुणाच्या जखमेतले जंतू कुठल्या औषधाला दाद देतात हे प्रयोगशाळेत बसून सांगायचं, हे तिचं रोजचं काम. पण धाकट्या भावाच्या पायातले जंतू एकाही औषधाला भीक घालेनात, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. घोट्यापासून पाय काढावा लागेल, उशीर परवडणार नाही, असं सर्जननं स्पष्टच सांगितलं.

बाबा वैद्य. हयात मुळ्या कुटण्यात गेलेली. ते हटून बसले. आपला लेप जंतू मारतो, हवं तर तुझ्या तबकडीत बघ, म्हणाले. यावरून बापलेकीचं वर्षानुवर्षं वाजायचं. आता मात्र बाबा खरे ठरावेत म्हणून तिचाच जीव टांगणीला लागला होता.

लेपाची पूड पाण्यात विरघळेना, म्हणून तिनं ती स्पिरिटमध्ये भिजवली. त्यात कागदाची चकती बुडवून भावाच्या जंतूंच्या तबकडीवर ठेवली. चकती आधी नीट वाळवायची असते, शेजारी नुसत्या स्पिरिटची दुसरी ठेवायची असते. याच दोन गोष्टींवरून ती नव्या मुलींना फैलावर घ्यायची. त्या दिवशी तिलाच दम निघाला नाही.

सकाळी चकतीभोवती एकही जंतू नव्हता. स्वच्छ वर्तुळ. तिनं तिथूनच बाबांना फोन लावला आणि हमसून रडली. बाबांनी सर्जनला थोपवलं, पायावर जाड लेप चढवला. भावानं कधी नव्हे ते जेवण मागितलं.

सर्जनला दाखवायचं म्हणून तिनं चाचणी पुन्हा लावली, या खेपेला रीतसर: लेपाची चकती वाळवून, आणि शेजारी पहिल्या खेपेसारखीच ओली, पण नुसत्या स्पिरिटची ठेवून. दुसऱ्या दिवशी तबकडी उजेडात धरली. लेपाच्या वाळलेल्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. आणि नुसत्या स्पिरिटच्या ओल्या चकतीभोवती तेच सुंदर वर्तुळ होतं.

ती इस्पितळात पोचली तेव्हा भाऊ तापानं फणफणला होता. लाली पट्टीच्या वर, नडगीवर चढली होती. लेप विष बाहेर खेचतोय, असं बाबा त्याला समजावत होते.

"बाबा, ते वर्तुळ लेपाचं नव्हतं, स्पिरिटचं होतं. चूक माझी आहे."

"म्हणजे लेपात काहीच नाही?"

"या जंतूंना मारण्यासारखं नाही."

त्यांनी चिडावं, चार शब्द सुनवावेत, असं तिला फार वाटत होतं. ते लेकाच्या पायावरची पट्टी सोडू लागले. सर्जन येऊन गेला. आता घोट्यावर भागणार नाही, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, म्हणाला.

"म्हणजे ताई, परवाचं जेवण फुकटच पदरात पडलं म्हणायचं," भाऊ म्हणाला.

लेप धुवायला नर्स आली, तिला बाबांनी हातानंच थांबवलं. कोमट पाणी मागवलं आणि ते स्वतःच पाय धुवायला बसले. आधी घोटा, मग टाच, मग बोटांच्या बेचक्या, एकेक करून, लहानपणी त्याला न्हाऊ घालायचे तसे. ताईनं खाली पातेलं धरलं होतं.

"राहू द्या ना बाबा. हा पाय आता..." ताई म्हणाली.

"नीट धर," बाबा म्हणाले. "पाणी सांडतंय."