टोपणांतले पाणी

मित्रांनो, मी एक जुनी कॉफी मशीन आहे आणि आज माझे डोके तापले आहे. तसे ते रोजच तापते, तेच माझे काम. पण आजचा ताप वेगळा आहे.

कारखान्यात मला जोडणाऱ्या फिटरने शेवटचा स्क्रू पिळला आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हटले, "जा बाई, सुखाने नांद." मी या कोपऱ्यावरच्या दुकानात आले आणि खरेच सुखाने नांदले. माझ्या तोंडाशी बारीक भोकांची एक गोल जाळी आहे. तिच्यातून गरम पाणी कॉफीच्या भुकटीवर सगळीकडे सारखे पडावे लागते. थोरले मालक दुकान बंद करण्याआधी ती जाळी रोज काढून घासत. लोक म्हणत, "कॉफी प्यावी तर इथेच!" काय दिवस होते ते!

मालक गेले आणि जाळीला कोणी हात लावीनासे झाले. मालकीणबाई माझे चकचकीत गाल तेवढे पुसतात. आतल्या भोकांत कॉफीचा तेलकट थर बसत गेला आणि पाणी एकाच बाजूने पडू लागले. एका घोटात कडू, दुसऱ्यात आंबट! मला तोंड आहे, पण बोलता कुठे येते?

बोल लागला तो त्यांच्या सूनबाईला, कारण कॉफी ती करते.

"तुझ्या हातालाच चव नाही," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून तू बशा विसळ. इथे मी दुसरी बाई ठेवते."

"आई, पाणी एका अंगाला पडतंय. बघा ना, भुकटी इकडे चिखल आणि तिकडे कोरडी!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

सूनबाईला हे काम जिवापाड आवडते. तिने खोकल्याच्या औषधाची चार सारखी टोपणे आणली, रबराने एकत्र बांधली, भुकटी भरायचा माझा दांडा काढून ती जाळीखाली धरली आणि पाणी सोडले. तीन टोपणे भरली, एक जवळजवळ कोरडे. मला वाटले, आता तरी यांना कळेल!

कसचे काय! सासूबाई म्हणाल्या, "मशीनच तिरकी उभी आहे." आणि माझ्या पायाखाली पुठ्ठा सारला. कॉफी प्यायला आलेले शेजारचे शिंपीकाका हसून म्हणाले, "म्हणजे अंगण वाकडं आहे म्हणायचं, वहिनी!"

पुन्हा पाणी सोडले. तीच बाजू कोरडी. मी संतापाने वाफ सोडली, तर सासूबाई म्हणतात, "म्हातारी झालीय, कुरकुरते!" एवढी वर्षे राबले, त्याचे हे बक्षीस.

सूनबाई मात्र हटली नाही. तिने टोपणे फिरवून धरली. तरी त्याच बाजूचे रिकामे राहिले. म्हणजे टोपणांचा दोष नव्हता. मग तिने स्क्रू सैल करून जाळीच अर्धी फिरवली आणि पाणी सोडले. आता समोरच्या बाजूचे टोपण रिकामे!

"बघा आई. जाळी फिरली तशी कोरडी बाजू फिरली."

सासूबाईंनी वाकून टोपणांत पाहिले. सूनबाईने जाळी काढली, गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासली. पाणी काळेकुट्ट झाले. जाळी परत बसवल्यावर चारही टोपणे सारखी भरली. किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला!

पुढचा कप सासूबाईंनी घेतला आणि तळापर्यंत संपवला.

"एवढी घाण होती, तर आधी सांगायचं नाही का?"

"सांगतच होते, आई."

"बरं, बरं. उद्या लवकर ये. सकाळी गर्दी असते, मशीनवर तूच लागशील."

यालाच त्यांची माफी समजायची! शिंपीकाकांनी कपात तोंड लपवले.

मित्रांनो, माझे गाल पुसू नका, काही बिघडत नाही. पण माझी जाळी रोज काढून घासा. आणि कोणाच्या हाताला नावे ठेवण्याआधी त्या हातात दिलेल्या वस्तूकडे एकदा नीट बघा. आम्हाला बोलता येत नाही. ती तर बोलत होती.