पायाचं माप

दर दसऱ्याला गंगव्वा नवऱ्याचा पाय वर्तमानपत्रावर ठेवायची आणि कोळशानं त्याची कड आखायची. तो कागद अथणीला जायचा. तिथं सासरा, कृष्णात, त्या मापाच्या चपला बांधायचा आणि दिवाळीआधी जोडी राजाजीनगरच्या खोलीत पोचायची. परसू बेंगळूरच्या कारखान्यात लेथवर होता, पण बापाच्या हातच्या चपलांशिवाय पायात काही घालत नसे. आखताना गंगव्वा गुणगुणायची,

पाऊल आखियेलं, कागदाच्या पाटावरी
धाडिते मी माप, मामंजींच्या दारी

अठ्ठावन्न साली आखलेला पाय जुन्या मापापेक्षा पेरभर लांब आला. कृष्णातनं शाळेच्या मास्तरांकडून कार्ड लिहवून घेतलं. सूनबाई कोळसा तिरका धरते. पंचवीस वर्षांच्या गड्याचा पाय वाढतो होय? लेकाचा पाय माझ्या हाताला पाठ आहे. आणि त्यानं जुन्याच मापाच्या चपला धाडल्या.

परसू वर्षभर टाच बाहेर काढून चालला. बापाचं माप चुकलं असं त्याला म्हणवेना. पुढच्या वर्षी गंगव्वानं कोळसा सरळ धरून दोनदा आखलं. उत्तर तेच आलं, थट्टा जरा जास्त. तोवर लग्नातली अंगठी बोटात रुतली होती, हनुवटी पुढं आली होती, आवाज रांजणातून यावा तसा झाला होता. शेजारणी म्हणत, गंगक्का, तुझ्या माणसाला इथलं पाणी मानवलं. म्हणून ती मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची, आणि डोकं ठणकलं की कपाळावर सुंठ उगाळून लावायची.

साठ साली तिनं कागद पाठवलाच नाही. कृष्णात स्वतः आला. हातपाय न धुता त्यानं लेकाचा पाय मांडीवर घेतला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत वीत फिरवली, पुन्हा फिरवली. मग झोपलेलं पोर ठेवावं तसा पाय हळूच खाली ठेवला.

"उद्या दवाखान्यात जायचं," एवढंच बोलला.

दवाखान्याच्या बाकावर पद्माकर म्हणून एक निवृत्त कारकून बसले होते. पासष्टीचे. तसंच रुंद नाक, तसाच जबडा. परसूला बघून ते हसले.

"या, बसा. आरशात बघितल्यासारखं झालं. आरसा तेवढा तरणा आहे."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की अंग वाढवणारा रस पाझरतच राहतो. त्यांना पन्नाशीत झालं. पंधरा वर्षांत टोपी दोनदा मोठी घ्यावी लागली, बाकी रोज सकाळी फिरायला जातात. कृष्णातनं ते कानात साठवून घेतलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यानं पानाची चंची उघडली आणि आधी पद्माकरांपुढं धरली.

आत डॉक्टर हयवदन यांनी परसूला, माझ्या नाकाकडं बघ, असं सांगितलं आणि एक बोट कडेनं पुढं आणलं. दिसलं की सांग, म्हणाले. गंगव्वाला बोट केव्हाचं दिसत होतं. ते जवळजवळ परसूच्या नाकासमोर आलं तेव्हा परसू म्हणाला, आता. दुसऱ्या बाजूनंही तसंच.

डॉक्टर कानडीत बोलत होते, तिघांनाही कळत होतं. कृष्णातनं बाहेरच्या गृहस्थांचं सांगितलं. पंधरा वर्षं झाली, साहेब, त्यांना काही नाही.

"त्यांना उतारवयात झालं," डॉक्टर म्हणाले. "म्हाताऱ्या अंगात ही गाठ बहुतेक सावकाश वाढते. तरण्या अंगात धावते. याची मोठी होऊन डोळ्यांच्या शिरांवर बसली आहे. ऑपरेशन करू. पण गेलेली नजर येईल असं सांगवत नाही. उरलेली राहील, असंही नाही."

कधीपासून आहे, त्यांनी विचारलं. गंगव्वा पदराचं टोक पिळत राहिली.

"दोन वर्षं," कृष्णात म्हणाला. "सुनेनं कळवलं होतं. मी तिला खोटं पाडलं."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. तेव्हाच आला असता तर, इतकं बोलून पुढचं त्यांनी गिळलं.

बाहेर पद्माकरांची जागा रिकामी होती. परसू व्हरांड्यात भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याच्या उजव्या अंगाला, हातभरावर, कृष्णात उभा होता.

"गंगे," परसू समोर बघत म्हणाला, "आप्पा कुठं गेले गं? बघ जरा. मोठा दवाखाना हाय, चुकतील."

गंगव्वानं सासऱ्याकडं पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. लेकाच्या समोर यायचं त्याच्याच्यानं होईना.