प्रेमला मावशींची खुर्ची

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या मैदानात त्या रविवारी हजारभर माणसं हात वर करून रडत होती. व्हीलचेअरवरची बाई मंचावर उठून उभी राहिली होती! पांढऱ्या सुटातले ब्रदर पृथ्वीराज ओरडत होते, "पांगळेपणा, नीघ! मधुमेहा, नीघ!" आजार म्हणजे यांचे घरगडीच, असा सगळा थाट.

मी शनिवार पेठेतला निवृत्त विज्ञानशिक्षक. या तमाशाला मला ओढून आणलं माझ्या भाडेकरूनं, नम्रता साळवेनं. ती सेमिनरीत पीएच.डी. करते. विषय, व्यावहारिक ईश्वरविज्ञान आणि ख्रिस्ती नीतिशास्त्र. "तोंडी परीक्षेला देव येणार का?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "अहो सर," ती म्हणाली, "देवाची नाही, त्याच्या नावावर माणसं काय करतात याची तपासणी आहे."

दुपारपासून ती फाटकाशी येणाऱ्यांकडून आपल्या संशोधनाचे फॉर्म भरून घेत होती. पहिला प्रश्न, मैदानात कसे आलात?

मंचावर उठून उभी राहिलेली बाई तिचीच मावशी होती, प्रेमलाबाई.

"आता ही सुई कशाला? औषध म्हणजे अविश्वास!" ब्रदरनी मावशींचं इन्सुलिनचं पेन टोपलीत टाकलं. टाळ्या! लोकही आपापल्या गोळ्या टोपलीत टाकू लागले. गेल्या वर्षी दोन दिवस इंजेक्शन चुकलं, तर मावशी आयसीयूत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"नम्रता, त्यांचा फॉर्म वाच मोठ्यानं!"

"नाही सर. गोपनीय ठेवीन असं लिहून दिलंय."

"अगं, जीव जाईल त्यांचा!"

"म्हणून तिलाच विचारते." ती तरातरा मंचावर चढली. "मावशी, साक्ष द्यायची तर पूर्ण दे. मैदानात कशी आलीस?"

मावशी माइकसमोर गोंधळल्या. "चालत. बसस्टॉपवरून."

"मग खुर्चीत कशी बसलीस?"

"फाटकावर यांचा स्वयंसेवक सौरभ म्हणाला, मावशी, गुडघे दुखत असतील, बसा, पुढे नेतो. एवढ्या मायेनं म्हणाला, नाही कसं म्हणायचं? इथं हे म्हणाले ऊठ, मी उठले."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"सैतान बोलतोय!" ब्रदर किंचाळले.

"सैतान कुणाला म्हणतोस रे?" मावशी कडाडल्या. "चालत आले ते चालतच आले!"

नम्रतानं मंचाखाली व्हीलचेअरवर बसवलेल्या नऊ जणांकडे पाहिलं. "आणखी कोण चालत आलं?" आधी एक हात वर झाला, मग सगळे नऊ. खरे अपंग मंडपाच्या पार मागे, स्वतःच्या खुर्च्यांत बसले होते. त्यांना पुढे कुणी येऊच दिलं नव्हतं. हा यांचा चमत्कार! लाज कशी वाटत नाही यांना?

मावशींनी टोपलीतून पेन काढलं, पदरानं पुसलं. त्यांच्यामागे माणसं आपापल्या गोळ्या शोधायला वाकली. ब्रदर गाडीत बसून केव्हाच पसार झाले होते.

वाचकहो, देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध मात्र सोडू नका. आणि कुणी माणूस उठवून दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, याला बसवलं कुणी?