उंदरांचा गठ्ठा

धाकटीचा नवरा प्रत्येक कार्ड उचलण्याआधी अंगठा जिभेला लावायचा. नुसता टेकवायचा नाही, चांगला पुढून-मागून फिरवायचा, आणि मग तो ओला अंगठा गठ्ठ्यावर दाबून वरचं कार्ड ओढायचा. त्यामुळे त्याची कार्डं कोपऱ्यांवर फुगली होती, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखी. त्यातलं एखादं अजून कडक राहिलेलं हाती लागलं, तर त्याच्या टोकाने तो दात कोरायचा. आणि खेळाची रीत अशी, की डाव मांडण्याआधी समोरच्याचा गठ्ठा आपण कापून द्यायचा.

"कापा की ताई! चावत नाही तो."

थोरली दोन नखांच्या चिमटीत अर्धा गठ्ठा उचलायची, बाजूला ठेवायची आणि हात मांडीवर उलटा करून बसायची. डाव संपेपर्यंत ती बोटं तिला परकी वाटायची.

तशी ती नाजूक नव्हती. दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्याच्या खोलीत तिची अर्धी नोकरी झाली होती. रक्त सुकलेल्या कात्र्या, बिजागरीत मांसाचा कण अडकलेले चिमटे, पुवाने माखलेले वाडगे, सगळं ती निवांतपणे भिजवायची, ब्रशने घासायची, उजेडात धरून बघायची. त्या घाणीत कुणाचा दोष नव्हता. माणूस आजारी पडला की ती व्हायचीच. पण हा धडधाकट, हसतमुख, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस अंगठा चाटायला लागला, की तिला किळस यायची. घरचा जावई, बोलायची सोय नाही. ती मनात देवाचं नाव घ्यायची आणि नजर भिंतीकडे वळवायची.

खेळाचं नाव किल्ला. खेळण्यांच्या दुकानामागे एक लांबट खोली होती, तिथे रविवारी दुपारी मंडळी जमायची. दुकानवाल्या काकू टेबलं लावून द्यायच्या आणि भांडणं मिटवायच्या. प्रत्येकाला वीस प्राण. पहिल्या फेरीला एक दिवा लागतो, दुसरीला दोन, असे दिवे वाढत जातात. जितके दिवे, तितक्या किमतीची कार्डं खाली उतरवायची. कुणी भिंती बांधतं, कुणी गेंडे पाळतं, कुणी मंत्र साठवून ठेवतं. जमवाजमवीला वेळ लागतो, आणि खरी मजा त्या वेळातच आहे, असं थोरलीच्या बाबांचं मत. घरात हा खेळ आणला तोही त्यांनीच.

जावयाचा गठ्ठा मात्र निव्वळ उंदरांचा. उंदीर, झुरळं, गोचिड्या, वर दोन-तीन घुशी. सगळं एका-दोन दिव्यांत येणारं, आणि उतरल्या उतरल्या चावणारं. समोरचा पहिली भिंत उभी करेपर्यंत त्याचे अर्धे प्राण कुरतडून झालेले असायचे. पाचव्या फेरीच्या आत खेळ खलास. मग जावई वेफर्सच्या पुडीत हात घालायचा, बोटं चोखायचा आणि आरोळी ठोकायचा, "पुढचा! चला, पुढचं गिऱ्हाईक!" त्याला तिथे सगळे सुसाट म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

इथवरही तिने सोसलं असतं. पण पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून बाबांचा उजवा हात कापायचा, आणि शब्द जिभेपर्यंत येऊन अडकायचे. हातातल्या कार्डांतून एक बाहेर काढायचं म्हणजे त्यांना मोठं काम. आधी बोट त्या कार्डावर न्यायचं, ते तिथे ठरेपर्यंत थांबायचं, मग ओढायचं. आठवड्यातून हे एकच ठिकाण होतं, जिथे बाबा पेशंट नव्हते. काकू त्यांच्या खुर्चीला उशी लावून ठेवायच्या आणि बाकीचे त्यांच्या चालीची वाट बघत गप्पा मारायचे. जावई गप्पा मारायचा नाही. तो टेबलावर बोटांनी ताल धरायचा.

"सासरेबुवा, काढताय की अंडं घालताय?"

बाबा हसायचे. तेच तिला बघवायचं नाही.

मोसमाच्या शेवटी जो जिंकेल, त्याने पुढच्या मोसमासाठी एक नियम ठरवायचा, अशी त्या खोलीची पद्धत. एकदा कुणीतरी सगळ्यांनी उभं राहून खेळायचं असा नियम केला होता, आणि तोही पाळला गेला होता. या खेपेला अंतिम डाव थोरली विरुद्ध सुसाट असा ठरला, आणि त्याच दुपारी त्याने सगळ्यांदेखत खिशातून एक घड्याळ काढलं. स्वयंपाकघरात असतं तसं, टिकटिक करून घंटा वाजवणारं.

"माझा नियम तयार आहे. चालीला अर्धं मिनिट. घंटा वाजली, चाल गेली. उगाच दुपार कशाला सडवायची?"

काकूंनी बाबांकडे बघितलं आणि झटकन नजर काढून घेतली. बाबा उजवा हात डाव्याखाली दाबून बसले होते.

"घरी जाऊ," ते म्हणाले. त्या दिवशी हे दोन शब्द मात्र अडखळले नाहीत.

घरी आल्यावर तिने जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि जुन्या कार्डांतून उंदीर, झुरळं वेचून जावयाचा गठ्ठा जमवला. तो बाबांसमोर ठेवला.

"तुम्ही ते व्हा. मला हरवा."

बाबांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर परत हरवलं. त्यांचा हात सावकाश चालला, तरी उंदीर उंदीरच. तिने गठ्ठ्यातले एक सोडून बाकीचे महागडे गेंडे काढून स्वस्त भिंती घातल्या, प्राण भरून देणाऱ्या दाया घातल्या, टेबलावरचं एकेक जनावर उचलून फेकणारे चिमटे घातले. आणि चार दिव्यांचा महापूर, जो आला की टेबलावरचं सगळं, आपलं आणि परकं, वाहून जातं. एका गठ्ठ्यात महापूर एकच ठेवता येतो. एवढं करूनही ती हरतच होती.

"नशीबच नाही हो," ती वैतागून म्हणाली. "महापूर हातात येतो, चार दिवे होतात, टाकते, सगळं साफ होतं, आणि परत ह्या गोचिड्या!"

बाबांनी मान हलवली. वाहून गेलेल्या कार्डांच्या ढिगाकडे बोट नेलं, बोट ठरेपर्यंत थांबले, आणि वरची दोन सरकवली. दोन उंदीर. एवढ्यासाठी तिने महापूर खर्चला होता. मग त्यांनी आपल्या हातातली कार्डं उलटी करून दाखवली. तीन अजून तिथेच होती.

"घाई," बाबा म्हणाले. "तुलाच."

"मग काय करू? ते चावत असताना बघत बसू?"

"साचू दे." त्यांनी श्वास घेतला. "घाण... साचू दे."

चूक तिची होती, आणि ती तिच्या स्वभावातून आलेली होती. टेबलावर दोन उंदीर आले की तिला बसवत नव्हतं. डाग दिसला की फडका, एवढंच तिच्या हाताला माहीत. सुसाटला हे ठाऊक असो वा नसो, त्याचा गठ्ठा जिंकत होता तो लोकांच्या ह्याच किळसेपोटी केलेल्या घाईवर. वास्तविक त्याच्याकडे दम नव्हता. जे होतं ते तो पहिल्या चार-पाच फेऱ्यांत ओकून टाकायचा, मागे काही उरायचं नाही. फक्त तोवर मरायचं नाही, आणि तोवर पुसायचंही नाही. त्यातलं मरायचं नाही हे तिला सोपं वाटलं.

अंतिम डावाच्या दिवशी जावयाला सर्दी झाली होती. टेबलावर वेफर्सची पुडी, तिच्याशेजारी ते घड्याळ. त्याने नाक वर ओढलं, अंगठा चाटला आणि गठ्ठा पुढे केला.

"कापा ताई. अंतिम डाव आहे, जरा प्रेमाने."

तिने कापला. कार्ड बोटाला किंचित चिकटलं आणि मग सुटलं.

पहिल्या फेरीला उंदीर आला. दुसऱ्या फेरीला आणखी एक, त्याच्या शेपटीवर वेफरचा चुरा. तिचे विसाचे सोळा झाले. तिने एक चिमटा हातात असून वापरला नाही, दोन दिव्यांची एक दाई उतरवली. ती पुढच्याच फेरीत कुरतडली गेली. सोळाचे अकरा. टेबलावर आता तीन जनावरं होती, तिला चार दिवे मिळाले होते, आणि महापूर हातात होता. तिच्या अंगठ्याने तो इतर कार्डांच्या वर सरकवलासुद्धा.

जावई शिंकला. हात आडवा न धरता, सरळ टेबलावर. बारीक तुषार उंदरांवर पडले आणि चमकायला लागले.

"माफ करा हां," तो म्हणाला आणि तळहाताने उंदीर पुसून तोच तळहात विजारीला पुसला.

एका कार्डाचं काम होतं. हे सगळं समोरून नाहीसं झालं असतं. तिने त्याच्या हाताकडे बघितलं. तीन कार्डं अजून त्याच्या हातात होती. तिने महापूर परत मागे सरकवला आणि चार दिव्यांची दगडी भिंत उभी केली.

"भिंत? आत्ता?" जावई खूश झाला. "ताई, भिंतीला बिळं पडतात हो!" त्याने अंगठा चाटला आणि तिन्ही कार्डं एकापाठोपाठ एक टेबलावर आपटली. दोन झुरळं आणि एक मोठी घूस. "आता सगळे मिळून. बारा. तुमचे अकरा. राम राम!"

"घूस भिंतीवर आदळली," ती हळूच म्हणाली. "घुशीचे चार वजा करा."

त्याने बोटांवर मोजलं. काकूंनी वाकून मोजलं.

"तीन उरले," काकू म्हणाल्या.

"तीनने काय होतंय? पुढच्या फेरीला पोचवतोच."

त्याचे हात रिकामे होते. एक पुडीत गेला.

तिने पाच दिव्यांतले चार मोजून महापूर ठेवला. मग एकेक कार्ड त्याचं त्याला उचलायला लावलं, स्वतः हात लावला नाही. तिची भिंतही गेली. उरलेल्या एका दिव्यात तिने एक छोटी दाई बसवली. स्वच्छ, मोकळं टेबल, आणि त्यावर एकटी दाई. खोलीत कुणीतरी शीळ घातली.

त्यानंतरचा डाव असा की जावयाने एक कार्ड ओढायचं, एक उंदीर उतरवायचा, आणि तिने तो चिमट्याने उचलायचा. दाई दर फेरीला प्राण भरत होती. तिनाचे पाच, पाचाचे सात. तो बोटांनी ताल धरेनासा झाला. कपाळाला घाम आला, नाक वाहायला लागलं, ते त्याने बाहीला पुसलं.

"संपवा ना," तो म्हणाला. "काय लावलंय?"

"माझी चाल चालू आहे," ती म्हणाली.

तिच्या हातात गेंडा आला होता. दिवेही पुरेसे होते. गेंडा उतरवला असता तर दोन-तीन फेऱ्यांत सगळं आटोपलं असतं. ती तो उतरवत नव्हती. पुढचा उंदीर आला, तिने चिमटा टाकला. त्याचा चेहरा आणखी पडला, आणि ते बघताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, तिने ते गिळलं. ती बोटं घोळवत मुद्दाम उशीर करत होती, कार्ड अर्धं बाहेर काढून परत आत घालत होती. त्याने बाबांना जसं उकडलं, तसंच ती त्याला मंद आचेवर उकडत होती, फक्त आवाज न करता.

मागून खांद्यावर एक हात पडला. तो कापत होता.

"बास," बाबा म्हणाले.

"ओ सासरेबुवा! बाहेरून शिकवायचं नाही हं!" जावई उसळला. "काकू, बघा!"

"ते शिकवत नाहीयेत," थोरली म्हणाली.

तिचे कान तापले होते. इतका वेळ तिला जी किळस समोरच्या बाजूला वाटत होती, ती आता तिच्या स्वतःच्या तोंडात होती, त्या गिळलेल्या पाण्याच्या चवीसारखी. तिने गेंडा काढला आणि ठेवला. तीन फेऱ्यांत डाव संपला.

टाळ्या झाल्या, थोड्याशा. काकूंनी विचारलं, "बोल गं. तुझा नियम?"

रात्र-रात्र तिने ठरवून ठेवले होते नियम. उंदरांचा गठ्ठा बंद. टेबलावर खाणं बंद. कार्डाला थुंकी लावणाऱ्याला दाराबाहेर. एकाहून एक चांगले, आणि सगळे त्याच्या थोबाडीत बसणारे. तिने बाबांकडे बघितलं. ते त्यांच्या उशीच्या खुर्चीवर टेकले होते.

"ज्याला जेवढा वेळ लागेल, तेवढा घ्यावा," ती म्हणाली.

"हा काय नियम झाला?" जावई म्हणाला. "हे तर आत्ताही आहेच!"

"मग आहे तेच राहू द्या."

त्याने घड्याळ उचलून खिशात कोंबलं. ते आत कुठेतरी दाबलं गेलं आणि त्याच्या मांडीपाशी घंटा वाजायला लागली. सगळे हसले, तोही हसला. तसा तो रागावून बसणारा माणूस नव्हता, आणि थोरलीला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

बाबांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. "एक... डाव?"

"आत्ता? तुमच्याशी?" जावयाने पुडीच्या तळाचा चुरा तोंडात ओतला, नाक वर ओढलं आणि खुर्ची खेचली. "चला. पण सासरेबुवा, मी आपला उंदीरच खेळणार."

बाबांनी मान डोलावली. मग डाव्या हाताने खिशातून रुमाल काढला, थोरलीने सकाळीच इस्त्री करून दिलेला, पांढरा, चौकोनी घडीचा. तो टेबलावरून पुढे सरकवला. इतक्या प्रेमाने, की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता.

जावयाने रुमाल घेतला. त्याची घडी मोडली, त्यात दणदणून नाक शिंकरलं, एकदा, परत एकदा, आणि आत काय आलं ते उघडून बघितलं. मग व्यवस्थित घडी घालून त्याने तो परत केला.

"थँक्यू हां, बाबा."

बाबांनी तो खिशात ठेवला. थोरलीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जावई गठ्ठा पुढे करून बसला होता, आणि बाबांचं बोट त्या फुगलेल्या कार्डांवर जाऊन ठरायची वाट बघत थांबलं होतं.