उत्तर नाही

लहान मुलांचं म्हणणं न्यायाधीश मॅडम आपल्या खोलीत ऐकून घेत आणि त्याचं रेकॉर्डिंग टंकलेखिका उतरवून काढी. नियम सरळ होता : ऐकू येईल तेवढंच लिहायचं. मूल गप्प राहिलं, तर 'उत्तर नाही'. अकरा वर्षांत तिच्या बोटांना ते दोन शब्द पाठ झाले होते.

आजची मुलगी सात वर्षांची. आईमागे मावशीनं सांभाळलेली. आता बाप ताबा मागत होता. तीनला निकाल.

"झालं का ताई?" शिरस्तेदार डोकावले. "पोरगी मुकीच दिसते. बाप खाली गाडी लावून बसलाय."

"मुकी कसली, काका! मावशीकडे पोपटासारखी बोलते म्हणे."

"मग इथं तोंडात मिठाची गुळणी धरलीये!"

ते गेल्यावर तिनं हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला. त्या शांततेत काहीतरी होतं.

'तू सात वर्षांची ना?' खर्र. लाकडावर नख ओढल्यासारखं.

'भाऊ आहे तुला?' खर्र, खर्र.

मुलगी एकुलती एक. म्हणजे एकदा हो, दोनदा नाही. तिनं रेकॉर्डिंग पुढे सरकवलं.

'बाबांकडे जायचंय?' खर्र, खर्र.

'गप्प बसायला कुणी सांगितलंय?' खर्र.

कपाटातून तिनं सहा वर्षांपूर्वीचं, असंच गप्प राहिलेल्या एका मुलाचं रेकॉर्डिंग काढलं. त्याला विचारलेल्या बारा प्रश्नांपुढे तिनंच 'उत्तर नाही' टाइप केलं होतं. बाराही ठिकाणी नख वाजत होतं.

मॅडमच्या खोलीत अजून कुणी नव्हतं. तिनं मुलांची छोटी खुर्ची उलटी केली. बैठकीखालचं लाकूड ओरखड्यांनी भरलं होतं. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे. कुठे एकेक, कुठे जोडीनं. एकमेकांना कधी न भेटलेल्या या पोरांना ही खूण शिकवली कुणी?

पावणेतीनला मॅडम आल्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"नखांचा आवाज मी पुरावा म्हणून लिहू?"

"नका लिहू, मॅडम. तिला पुन्हा बोलवा. या वेळी तिच्या हातांकडे बघा."

"आणि पुन्हा गप्पच राहिली तर? खरंच काही सांगायचंय का तिला?"

टंकलेखिका उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला. दोघींनी वळून पाहिलं. छोटी खुर्ची रिकामी होती.

खर्र.

एकदाच.

मॅडमनी सही न केलेला आदेश हळूच बाजूला सारला.

"मुलीला आत घेऊन या," त्या म्हणाल्या. "एकटीला."