इव्हारची फौज

लढाईला बोलावणारा जळका क्रूस खोऱ्याभर फिरवून चार दिवस झाले, तरी सरदार इव्हारच्या अंगणात जमलेली डोकी एकतीसच. त्यातले चार म्हातारे, आणि एक ठार बहिरा. गादी परत मिळवायला आलेल्या राजपुत्राला त्याने दोनशे तलवारींचा शब्द दिला होता.

"बाकीचे कुठे मेले?" त्याने दुगलला विचारलं. हा त्याचा चुलतभाऊ, क्रूस घेऊन घरोघर तोच फिरला होता.

"कुणाची कंबर धरलीय, कुणाची गाय व्यायलीय. आणि ओट तर सगळ्यांचाच कापायला आलाय, दादा."

"इथं राज्य बदलतंय, आणि यांना ओट सुचतोय!" इव्हारने कपाळावर हात मारला. "मशाल आण. एक छप्पर पेटलं की येतील सगळे धावत."

पहिलंच घर बेहागचं. इव्हारला तिनंच अंगावर पाजून वाढवलेलं. तिचे तिघे मुलगे त्याचे दूधभाऊ. ती दारात विळ्याला धार लावत बसली होती. मशालीकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"पेटव की. फक्त आतली कोंबडी आधी बाहेर काढ, खुडूक बसलीय."

"आई, थट्टा पुरे! पोरं कुठायत?"

"शेतात. पीक उभं टाकून गेली तर थंडीत मला कोण जेवू घालणार? तुझा राजपुत्र?"

"अगं, माझा शब्द जाईल!"

"मग लाव ना हात. एकतीस जण बसलेतच की तुझ्या अंगणात माशा मारत."

इव्हार दात-ओठ खात उभा राहिला. मग मशाल ओढ्यात फेकून त्याने विळा मागितला.

पाच दिवस सरदार वाकून ओट कापत होता. हाताला फोड आले, तोंडाने शिव्या चालूच होत्या. सहाव्या दिवशी एकशे दहा माणसं निघाली, पुढे बेहागचे तिघे.

ते पोचले तेव्हा पहिली लढाई जिंकून दोन दिवस झाले होते. "काय इव्हार, झाली का कापणी?" बाकीचे सरदार खिदळले. तो संतापाने लाल झाला.

पुढची लढाई मात्र चुकली नाही. वसंतात, माळावरच्या चिखलात, शत्रूच्या तोफांनी अर्ध्या घटकेत सगळं संपवलं.

बेहागला सांगायला इव्हार स्वतः आला, चोरवाटेने, पाय ओढत. मागे तिचा धाकटा होता. एकटाच. तिनं पोराला दंडाला धरून आत घेतलं. इव्हारने काही बोलायला तोंड उघडलं, तोवर दार लागलं होतं.